दुसरी फेरी

शिरवळहून परदेशी निघालेल्या माणसाला पहिली हद्द गाव सोडताच लागते. उत्तरेला नीरा वाहते. पुलाच्या अलीकडे सातारा जिल्हा, पलीकडे पुणे. मग कात्रज, पुण्याला वळसा घालून एक्सप्रेसवे, लोणावळ्याचा घाट आणि मुंबईचा विमानतळ. साधारण दोनशे किलोमीटर. अमेरिकेकडची पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून दुपारचं जेवण आटोपून, देवापुढे साखर ठेवून निघायचं. डिकीत माणशी २३ किलोच्या दोन बॅगा. त्या उघडून पाहिल्या तर प्रवास कशासाठी आहे हे विचारायची गरज पडत नाही. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळंतशोपा, ओवा, मेतकूट, भाजणी, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी, झबली, टोपडी. लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण आहे आणि आई तिकडे निघाली आहे. ज्यांची मुलं परदेशी स्थायिक झाली, त्यांच्या घरातला पहिला विमानप्रवास बहुतेक असाच घडतो. मी लिहिते आहे ते त्याच्या पुढच्या प्रवासाबद्दल. नातवंड दोन ते चार वर्षांचं असताना करायच्या दुसऱ्या फेरीबद्दल. पहिल्या फेरीचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. ती आपसूक होते. दुसरीला निमित्त नसतं, म्हणून ती लांबणीवर पडते. माझं म्हणणं असं आहे, की पैसा, अंगातली ताकद आणि वेळ यांतलं काही राखून ठेवायचं झालं तर ते या दुसऱ्या फेरीसाठी ठेवावं.

या प्रवासाची दिशाच मुळात आपल्याकडे नवी आहे. पोटासाठी दूर जाणं सातारा-सांगलीच्या माणसाला नवं नाही. पाटण, जावळीच्या डोंगरातले पुरुष मुंबईच्या गोदीत, बाजारपेठांत, गिरण्यांत गेले. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या या माणसांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि त्यासाठी झगडलेले अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. खानापूर, आटपाडी, तासगावच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली; दूरच्या राज्यातल्या सराफ बाजारातही विट्याच्या बाजूचं माणूस भेटतं. पण या सगळ्या पांगापांगीत आजी-आजोबा जागेवर होते. हलायची ती नातवंडं. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी यायची आणि मूल जन्मायचं तेच आजीच्या दारात. मे महिना लागला की मुंबईची पोरं एसटीनं गावाला यायची, गलाईवाले जत्रेला कुटुंबासकट उतरायचे. त्या दीड-दोन महिन्यांत पोराच्या जिभेवर काय काय चढायचं! रेडकू, करडू, कोकरू, शिंगरू यांतला फरक कुणी शिकवायला बसत नसे. गोठ्यात, विहिरीवर, कोपऱ्यावरच्या पारावर तो आपोआप कळायचा. मुंबईत किंवा मदुराईत वाढलेल्या पोराची मराठी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्यात या उन्हाळ्यांचा वाटा फार मोठा आहे, असं मला वाटतं. भाषा शाळेनं टिकवली असं आपण म्हणतो, पण मदुराईकडच्या शाळा मराठी नव्हत्याच.

आता मूल न्यू जर्सीत किंवा सिडनीत जन्मतं आणि आजीला हलावं लागतं. कारणं सरळ आहेत. अमेरिकेत १९९३ च्या कायद्यानं बाळंतपणासाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी. भरपगारी रजेची हमी देणारा देशव्यापी कायदा खाजगी नोकरदारांसाठी नाही. सातव्या महिन्यात शिरवळला येऊन चार-सहा महिने राहणं अशा नोकरीत बसत नाही. शिवाय सुट्ट्यांचा मेळ बसत नाही, आणि ही गोष्ट निघण्याआधी फारशी कुणी ध्यानात घेत नाही. अमेरिकेतल्या शाळांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, कुठे आठवडा-दोन आठवडे मागेपुढे. आपल्याकडे तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतात, पाऊस लागलेला असतो, पेरण्यांची धांदल असते. नातवंड शिरवळला आलं तरी त्याच्या वयाची चुलत-मावस भावंडं दिवसभर शाळेत. मे महिन्यातला तो पोरांचा गलका त्याला मिळत नाही. पाचव्या वर्षी तिकडे बालवर्ग सुरू झाला की वर्षाचा दुसरा कुठलाही महिना मोकळा राहत नाही. म्हणजे जन्मापासून पाचव्या वर्षापर्यंतचा जो काळ आहे, त्यातच जे काय घडायचं ते घडतं.

पहिल्या फेरीला मी कमी लेखत नाही. दोघंच माणसं, परका देश, टाके ओले, दर दोन तासांनी रडणारं बाळ. अशा घरात आईचा हात लागणं म्हणजे काय हे ज्यांना तो लागला नाही त्यांनाच नीट ठाऊक आहे. पण त्या फेरीचं स्वरूप पाहा. तिथे आजी असते ती मुख्यतः लेकीची आई म्हणून. तिचा दिवस स्वयंपाकघरात जातो. खीर, पेज, आहाळिवाची वाटी, बाळाचं तेल-अंघोळ, कपड्यांच्या घड्या. शेक-शेगडी करता येत नाही, कारण छताला धुराची सूचना देणारं यंत्र बसवलेलं असतं आणि ओव्याच्या धुरीनंही ते वाजू लागतं. बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपलेलं. सहा महिन्यांच्या मुक्कामाची मुदत संपते तेव्हा ते नुकतं पालथं पडू लागलेलं, बसू लागलेलं असतं. त्याला यातलं काही पुढे आठवणार नाही. मोठ्या माणसांना आठवणारी सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते, हे मानसशास्त्रात पुष्कळ वेळा तपासलं गेलं आहे. लेक ऋणी राहते, ते योग्यच. पण नातवंडाच्या लेखी आजी अजून आलेलीच नसते.

इथे एक जाणता वाचक अडवेल. तो म्हणेल, भाषेचा पाया तर पहिल्याच वर्षात पडतो, मग दुसऱ्या फेरीची थोरवी कशाला? त्याच्या बाजूनं भक्कम पुरावा आहे, आणि तो आपल्याच अक्षरांचा आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ साली इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो बहुतेक कळेनासा झाला होता. म्हणजे ‘ताट’ या एवढ्याशा शब्दातली दोन अक्षरं वेगळी ऐकू येण्याची शक्ती प्रत्येक मूल घेऊन जन्मतं, आणि आजूबाजूला तो फरक कुणी बोललं नाही तर वर्षाच्या आत ती मावळू लागते. हा पुरावा मला पूर्ण मान्य आहे. पण तो आई-बापाच्या पदरात टाकायचा आहे. घरात आई-बाप आपसांत मराठी बोलत असतील तर ‘त’ आणि ‘ट’ बाळाच्या कानावर रोज पडतात. ते काम वर्षभराचं आहे, सहा महिन्यांत परतणाऱ्या आजीच्या भरवशावर सोडण्यासारखं नाही. आजीची गरज लागते ती त्याच्या पुढच्या पायरीवर. दीड-दोन वर्षांनंतर शब्दांचा पूर येतो, मूल ‘हे काय’, ‘का’ विचारू लागतं, आणि नेमक्या त्याच वयात ते पाळणाघरात जाऊ लागलेलं असतं. तिथला दिवस इंग्रजीचा. संध्याकाळी दमून आलेले आई-बाप सोपं पडतं म्हणून मुलाच्या इंग्रजीला इंग्रजीतच उत्तर देतात. मराठी मागे सरते ती या वयात, आणि तिला धरून ठेवायला घरात तिसरं माणूस लागतं.

त्या माणसाच्या वेळेचं मोल किती, याचाही अंदाज बांधता येतो. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिअॅटलमध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर एक प्रयोग केला; तो २००३ साली प्रसिद्ध झाला. चिनी बोलणारी माणसं बाळांसमोर बसून खेळणी दाखवत, पुस्तकं वाचत. पंचवीस मिनिटांची बारा सत्रं, म्हणजे सगळे मिळून पाच तास. एवढ्यात त्या बाळांना चिनी ध्वनींमधला भेद कळू लागला. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावरून दाखवलं तेव्हा काहीही शिकणं झालं नाही. आता दुसऱ्या फेरीचा हिशेब मांडू. मूल सकाळी साडेआठला पाळणाघरात जातं, साडेपाचला येतं, आठला झोपतं. आजी-आजोबांच्या वाट्याला सकाळचा तास आणि संध्याकाळचे अडीच. तीन महिन्यांतले कामाचे दिवस पासष्ट धरले तरी दोनशेवर तास होतात, शनिवार-रविवार वेगळे. पाच तासांत बाळाच्या कानावर इतका परिणाम होत असेल, तर दोनशे तासांत अडीच वर्षांच्या मुलाच्या जिभेवर काय होईल याचा अंदाज बांधायला संशोधक व्हावं लागत नाही. दोन्ही गोष्टी अगदी एकाच मापाच्या नाहीत, हे मी जाणते. वय वेगळं, शिकायची वस्तू वेगळी. तरी समोर बसलेलं माणूस आणि पडदा यांतला फरक त्यातून दिसतो.

पडद्याचा विषय निघाला की सगळ्यात जोरदार हरकत येते, आणि ती रास्त आहे. व्हिडिओ कॉल आहे ना! रोज बोलणं होतं, पोर आजीला ओळखतं, मग दोन लाखांची तिकिटं कशाला काढायची? याही बाजूला पुरावा आहे. २०१४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात चोवीस ते तीस महिन्यांच्या मुलांनी थेट व्हिडिओ संभाषणातून नवी क्रियापदं समोरासमोर शिकावीत तितकीच शिकली. आधी चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओतून मात्र शिकली नाहीत. कारण थेट बोलताना समोरचं माणूस मुलाला प्रतिसाद देतं, त्याच्या नजरेकडे पाहून थांबतं. तेव्हा कॉलला कमी लेखू नये. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा शिरवळला दुपारचे साडेचार, दोन्ही घरांना सोयीची वेळ. रोज दहा मिनिटं बोलावं, गोष्ट सांगावी. पण कॉलवर आजी-नातवंडाला एकत्र करण्यासारखं काय असतं? खाल्लंस का, झोपलास का, पप्पी दे, टाटा. मुलाची भाषा हाताच्या कामातून वाढते. कणीक मळताना गोळा, उंडा, लाटी, पोळी असे एकाच वस्तूचे चार शब्द होतात, आणि ते कळायला पीठ बोटाला लागावं लागतं. चप्पल घालताना डावा-उजवा, जिना चढताना आकडे, रस्त्यात दगड उचलून खिशात घातल्यावर ‘टाक तो’, पाऊस आला की ‘पळ’. यातलं काहीही फोनवर घडत नाही. आणि माझ्या मते कॉल बहरतो तो दुसऱ्या फेरीनंतर. ज्या आजीनं आपल्याला झोपाळ्यावर झोका दिला, तिच्याशी बोलायला मुलाकडे काहीतरी असतं.

आणखी एक हरकत याहून कठीण आहे. तीन महिने बोललेली मराठी पुढच्या वर्षात मूल विसरून जाणार. खरंच विसरतं. २००३ साली फ्रान्समध्ये कोरियातून दत्तक आणलेल्या माणसांची तपासणी झाली. ती तीन ते आठ वर्षांची असताना आली होती, म्हणजे कोरियन नीट बोलत होती. मोठेपणी त्यांच्या मेंदूत कोरियन भाषेला काहीच वेगळा प्रतिसाद मिळाला नाही. वाचून धस्स व्हावं असाच हा निष्कर्ष. पण २०१४ साली मॉन्ट्रियलमध्ये, सरासरी साधारण तेराव्या महिन्यात चीनमधून दत्तक आलेल्या आणि चिनी अजिबात न येणाऱ्या मुलींचा अभ्यास झाला, तेव्हा चिनी स्वर ऐकताना त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांच्या मेंदूसारखाच चालला. म्हणजे तळाशी काहीतरी राहतंही. या दोन्ही अभ्यासांतून मी एवढंच घेते, की दत्तक मुलांच्या बाबतीत भाषा पूर्ण तुटली होती; आपल्या नातवंडांच्या बाबतीत ती तुटू देणं न देणं मोठ्यांच्या हातात आहे. घरात आई-बाप बोलतात, रोज कॉल होतो, शनिवार-रविवारी कुठे मराठी शाळा असते. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली अमेरिकेत अनेक गावांत अशा शाळा चालतात, आणि त्या चालवणाऱ्यांची मेहनत मोलाची आहे. पण आठवड्याचे दोन तास शिकवलेली भाषा मुलाला विषय वाटते, गृहपाठ वाटते. भाषेत कुणीतरी आपलं असावं लागतं. दुसरी फेरी ते माणूस पुरवते.

हे नुसतं माझं मत राहू नये म्हणून एक उदाहरण देते. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांची भाषा शाळांमधून हद्दपार झाली होती. मधल्या पिढीला ती येत नव्हती, म्हाताऱ्यांना येत होती, आणि म्हातारी माणसं संपत चालली होती. १९८२ साली वेलिंग्टनजवळ वैनुइओमाटा इथे त्यांनी पहिलं ‘कोहंगा रेओ’ सुरू केलं. या शब्दांचा अर्थ भाषेचं घरटं. पाच वर्षांच्या आतली मुलं, आणि त्यांच्यासोबत दिवसभर माओरीतूनच बोलणारी आजी-आजोबांच्या वयाची माणसं. काही वर्षांत अशी शेकडो घरटी देशभर उभी राहिली, आणि हवाई बेटांवरही १९८४ पासून त्याच धर्तीवर बालशाळा निघाल्या. भाषा वाचवायला निघालेल्या त्या लोकांना व्याकरणाची पुस्तकं काढणं किंवा रेडिओ केंद्र चालवणं आधी सुचू शकलं असतं. त्यांनी आधी पाच वर्षांच्या आतली मुलं आणि आजी यांना एका खोलीत बसवलं. आपली गोष्ट माओरींइतकी बिकट नाही. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली आहे, आणि २०२४ साली तिला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. पण न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका घरातल्या अडीच वर्षांच्या मुलाला त्या आठ कोटींचा काय उपयोग? त्याच्या दृष्टीनं मराठी बोलणारी माणसं चार आहेत, आणि त्यांतली दोन शिरवळला राहतात.

म्हणूनच तिकडे गेल्यावर आजी-आजोबा नातवंडाशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलू लागतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. ते मायेपोटी होतं हे कळतं. पोराला आपलं कळावं, त्यानं आपल्याला हसू नये, सुनेला गावंढळ वाटू नये. ‘कम हिअर बेटा, ईट फास्ट.’ त्या मुलाला इंग्रजी शिकवायला अख्खा देश बसलेला आहे. त्याला ‘ये हिकडं, आरं किती पळतुयास’ म्हणणारं दुसरं कुणी नाही. दोन भाषांनी मूल गोंधळतं ही जुनी भीती संशोधनात टिकलेली नाही. मुलं दोन्ही भाषा एका वाक्यात मिसळतात खरी, पण कुणाशी कोणती बोलायची हे त्यांना लवकर उमगतं. आणि आजी इंग्रजी बोलतच नाही असं एकदा पोरानं ठरवलं, की मराठीत बोलण्याची त्याला खरीखुरी गरज पडते. मराठीही पुस्तकी करू नये. नीरेकाठची बोली आहे तशी न्यावी, तिच्या ‘की’सकट, ‘व्हय’सकट. शिरवळची लेणी, नीरेच्या काठचा सुभानमंगळ कोट, १६४८ च्या लढाईत तो जिंकणारे कावजी मल्हार, जवळच्या नायगावात १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई. गोष्टींना तोटा नाही. तीन वर्षांच्या मुलाला इतिहास कळत नाही, पण नदीकाठी एक कोट होता आणि रात्री माणसं तिकडे गेली, एवढं कळतं, आणि तो ‘पुन्हा सांग’ म्हणतो.

या सगळ्यावर एक कडवट आक्षेप नेहमी ऐकू येतो, तोही टाळून चालणार नाही. परदेशी बोलावतात ते फुकटची आया हवी म्हणून. पाळणाघराचा खर्च वाचतो, स्वयंपाक होतो, भांडी निघतात. काही घरांत असं घडतं, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांची घुसमट खरी आहे. गाडी चालवता येत नाही, पायी जाण्याजोगं दुकान नाही, दिवसभर बोलायला शेजार नाही. माझं उत्तर असं, की दुसऱ्या फेरीचं काम आधीच बोलून ठरवावं, आणि ते काम म्हणजे मुलाबरोबर असणं. पोळ्या त्यातून होतील तेवढ्याच. कायदाही याच बाजूचा आहे. भेटीच्या व्हिसावर पगारी काम चालत नाही, आणि ब्रिटनच्या नियमांत तर स्पष्ट म्हटलं आहे की नातेवाइकानं मूल सांभाळायला अल्पकाळ यायला हरकत नाही, पण ती आया म्हणून केलेली नोकरी ठरता कामा नये. घर निवडतानाच मुलांनी विचार केला तर घुसमट पुष्कळ कमी होते. पायी जाता येईल असं उद्यान आणि सार्वजनिक ग्रंथालय जवळ असलं तर आजी-आजोबांचा दिवस सुटतो. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो, पैसे लागत नाहीत. गोष्ट इंग्रजीत, पण येता-जाता बाबागाडी ढकलत त्याच गोष्टीतलं अस्वल मराठीत बोलू लागतं. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, पंडिता रमाबाईंचं तिथल्या लोकस्थितीवरचं पुस्तक १८८९ साली आलं, पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली. आपल्या प्रवासवर्णनांनी नेहमी देश पाहिला. आजीच्या प्रवासाचा नकाशा घर, उद्यान, ग्रंथालय आणि किराणा दुकान एवढाच, आणि त्यातला प्रत्येक कोपरा ती एका छोट्या बोटाला धरून पाहते. नायगारा राहिला तर राहू द्यावा.

आता पैसा आणि कागद. अमेरिकेचा भेटीचा व्हिसा भारतीयांना सहसा दहा वर्षांचा मिळतो, आणि एका खेपेला साधारण सहा महिने राहू देतात. पुष्कळ आजी-आजोबा पहिल्याच फेरीत ते सगळे सहा महिने राहतात. त्यापेक्षा बाळंतपणाला तीन महिने आणि पुढे अडीच वर्षांनी तीन, अशी वाटणी मला शहाणपणाची वाटते. व्हिसा तोच, खर्च वाढतो तो तिकिटाचा. मुलाखतीसाठी मुंबईला जावं लागतं, आणि २०२२-२३ च्या सुमारास तारखा दोन-दोन वर्षांपुढच्या मिळत होत्या, म्हणून अर्ज बाळाची चाहूल लागण्याआधी केलेला बरा. कायमचं जाणं बहुतेकांच्या नशिबात नाही. ग्रीन कार्डवर असलेल्या मुलाला आई-वडिलांना बोलावून घेता येत नाही, त्यासाठी नागरिक व्हावं लागतं. आणि एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही या नियमामुळे भारतीयांना ग्रीन कार्डच अनेक वर्षं मिळत नाही. कॅनडाचा सुपर व्हिसा आई-वडील आणि आजी-आजोबांसाठीच आहे, २०२२ पासून सलग पाच वर्षं राहू देतो, पण निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा मागतो. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस, आणि तीस हजार युरोचा विमा. विमा हाच खरा धोक्याचा भाग. रक्तदाब, साखर, हृदय अशी आधीची दुखणी पुष्कळ पॉलिसींतून वगळलेली असतात. साठीत जे सहज जमतं ते सत्तरीत जमत नाही, हे दुसऱ्या फेरीला उशीर न करण्याचं आणखी एक कारण आहे.

ज्यांना जमणारच नाही त्यांचं काय? दुभती जनावरं, उसाला पाणी, घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस, किंवा सरळ पैसे नाहीत. त्यांना माझं हे सगळं लिहिणं टोचू नये. मग मुलांनी यावं, आणि पाचव्या वर्षाच्या आत यावं, शाळेचं बंधन पडायच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत. तिकडे बर्फ असतो, इकडे हरभऱ्याचे घाटे आणि जत्रा. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला इथे यायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागतं, तेवढं वेळेत काढावं. आई-बापाला सुट्टी तीनच आठवड्यांची असली तर त्यातले दहा दिवस नातेवाइकांच्या जेवणावळींत घालवू नयेत. शिरवळला आता कारखान्यांच्या बसगाड्या धावतात, महामार्ग घरघरतो, पण पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेलं हे गाव आहे, गोठे अजून आहेत. रेडकाच्या पाठीवर हात फिरवून ‘रेडकू’ म्हणणं तीन आठवड्यांत जमतं.

जाणाऱ्यांनी मात्र तारीख मुलाच्या वयाकडे पाहून धरावी. अडीच वर्षांच्या आसपास. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी एप्रिलच्या अखेरीस पोहोचावं. थंडी सरलेली असते, संध्याकाळी आठपर्यंत उजेड राहतो आणि मूल बाहेर मातीत खेळू शकतं. जुलैच्या अखेरीस परतलं की इकडे पेरण्या उरकलेल्या असतात, गणपती पुढे असतात. या खेपेच्या बॅगेत लाडू थोडेच न्यावेत. मोठ्या अक्षरांची चार चित्रांची पुस्तकं, एक भोवरा, सागरगोटे, छोटं पोळपाट-लाटणं. परतताना ते सगळं तिथेच ठेवून यायचं. मुंबईला उतरून, एक्सप्रेसवेवरून, कात्रज ओलांडून नीरेचा पूल लागला की गाडी बाजूला घ्यावी. जुलैअखेरीस पुलाखालचं पाणी गढूळ, वाढलेलं असतं. वेळ दुपारी साडेचारची असली तर तिथूनच कॉल लावावा आणि पाणी दाखवावं.